मे महिन्यात उघडायचं पाकीट

शेवटच्या दिवशी आलेला खेळाडू कुठंतरी सडका असतो, हे माझं मत आहे आणि ते मी कुणाच्या बापाला घाबरून बदलणार नाही. युरोपातले मोठमोठे क्लब तीन महिने झोपा काढतात आणि खेळाडू विकत घ्यायची मुदत, म्हणजे ट्रान्सफर विंडो, बंद व्हायला चार तास उरले की एखाद्याला विमानात कोंबून आणतात. का? एवढा चांगला होता तर जूनमध्ये का नाही घेतला? आणि ज्यांचा होता ते ऐनवेळी सोडायला तयार कसे झाले? पाणी कुठंतरी मुरतंच. गुडघ्यात नाहीतर स्वभावात.

हा संशय मी चंडीगडला येऊन शिकलो नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांचे फुटबॉल संघ, आणि हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी. शेवटच्या दिवशी खेळाडू पळवले जायचे, अगदी खरोखरचे पळवले जायचे. सकाळी एका पेठेत चहा प्यालेला सेंटर फॉरवर्ड संध्याकाळी दुसऱ्या पेठेच्या जीपमधून सही करायला उतरायचा. मी सातवीत असताना आमच्या पेठेनं असाच एक आणला, हलगी वाजवत, गुलाल उधळत. पहिल्याच सामन्यात अर्ध्या तासात तो कंबर धरून खाली बसला तो पुन्हा उभा राहिला नाही. त्या रात्री माझे वडील जेवले नाहीत, आणि आई म्हणाली की हा काय सुतक लागल्यासारखा प्रकार.

पुढं नोकरीही अशीच मिळाली. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात खरेदी विभाग. सव्वीस वर्षं निविदांची सीलबंद पाकिटं उघडतोय. कोण कुठं काय लपवतो, कोण एकाच पाकिटात दोन दरपत्रकं घालून वेळ पडेल तसं हवं ते पुढं करतो, सगळं बघून झालंय. ठरलेल्या वेळेआधी पाकीट फोडणं हे आमच्या खात्यात पाप. एका क्लार्कनं ते केलं म्हणून मी त्याला तीन पानी मेमो दिला होता, आणि तो किस्सा मी पुढं कित्येक वर्षं छाती फुगवून सांगत होतो.

हे सगळं सांगायचं कारण एक माणूस आहे. मूळचा सांगलीचा, हवाई दलात विंग कमांडर, लेहला सामान नेणारी विमानं उडवायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यानं पहिलं वाक्य काय बोलावं, तर म्हणे तुमच्याकडे माणसं बोलतात की भांडतात. तिथंच जमलं. मी त्याला सांगलीकर म्हणायचो, तो मला कोल्हापूरकर. दिवसभर ऑफिसात हांजी हांजी करून जीभ आंबून जायची, आणि रविवारी हा आला की मोकळी सुटायची. अख्ख्या चंडीगडात माझा तो एकच जिवाचा माणूस होता, आणि त्याला मी माझ्या हातानं घालवला.

आम्ही तिघं होतो. मी लाल जर्सीवाल्या क्लबचा, सांगलीकर निळ्या क्लबचा, आणि आयटी पार्कात नोकरी करणारी एक पोरगी पांढऱ्या क्लबची. ती इथंच वाढलेली. आईबाप नाशिकचे, पण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. मला अंकल म्हणायची, त्याला सर. रविवारी सकाळी माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, बायकोच्या हातचे पोहे खात आम्ही तासन् तास वाद घालायचो.

पाकिटांची पद्धत मीच काढली. दर वर्षी काय व्हायचं, मे महिन्यात हंगाम संपला की प्रत्येक जण म्हणायचा, मी तर आधीच सांगितलं होतं. सांगलीकर तर इतक्या बिनदिक्कत पलटायचा की मला फेस यायचा. म्हणून नियम केला. विंडो बंद झाली की पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपापल्या क्लबच्या शेवटच्या दिवसाच्या खरेदीवर मत लिहायचं, पाकिटात घालायचं, टेप लावायची, आणि पाकिटाच्या तोंडावर आडवी स्वतःची एक आणि बाकीच्यांपैकी एकाची सही. पाकिटं माझ्या कपाटात. मे महिन्यात तिघांसमोर उघडायची. ज्याचं मत सगळ्यात फसलं त्यानं उरलेल्यांना जेवायला न्यायचं. बायको म्हणाली, घरातही ऑफिस आणलंत का आता? पण मनातून तिलाही मजा वाटायची.

त्या सप्टेंबरात विंडोचा शेवटचा दिवस सोमवारी आला. सकाळपासून आमच्या तिघांच्या ग्रुपवर धुरळा. पोरगी कामाच्या वेळात विमानं शोधत बसलेली. कुठल्या खेळाडूचं खासगी विमान कुठं उतरतंय हे दाखवणारं एक ॲप तिच्याकडे होतं, आणि सांगलीकर एरवी त्यावर तज्ज्ञासारखा बोलायचा, हे विमान एवढं लांब जाऊच शकत नाही, हा खेळाडू नाही, कुणी उद्योगपती असेल वगैरे. माझ्या क्लबनं दुपारी एक उंच स्ट्रायकर घेतला. गळ्यात मफलर घातलेला त्याचा फोटो आला, त्यात तो हसत नव्हता. मी तेव्हाच लिहिलं, गडी मनानं आलेला नाही, एजंटानं ढकललाय. पोरीच्या क्लबनं कुणाचा तरी राखीव गोलकीपर उसना आणला. ती म्हणाली, हमारे मालिक को बस फोटो खिंचवानी थी.

संध्याकाळी निळ्या क्लबनं एक तिशी ओलांडलेला बचावपटू घेतला. सकाळी तोच दुसऱ्या क्लबच्या मेडिकलमध्ये नापास झाल्याची बातमी होती. मला तर सणच. मी ऑफिसातून निघता निघता लिहीत सुटलो. मेडिकलमध्ये नापास झालेला माणूस म्हणजे भंगारातली गाडी, रंग मारून विकलीय. असल्याला घेतंच कोण? घरी बसवा की. सांगलीकर, तुझ्या क्लबनं हॉस्पिटल काढलंय का? असं बरंच काय काय. एरवी त्यानं माझी सालटी काढली असती. सांगलीचा माणूस सहजासहजी ऐकून घेत नाही. त्या दिवशी त्यानं फक्त एक अंगठा पाठवला. माझ्या मनात पहिली पाल तेव्हा चुकचुकली.

रविवारी तो आला, पोहे खाल्ले आणि लिहायला बसला. दर वेळी तीन ओळी खरडून मोकळा व्हायचा. त्या दिवशी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ लिहीत राहिला. मी माझं पाकीट बंद करून, पोरीच्या पाकिटावर सही करून, दुसरा चहा पिऊन झाला तरी हा लिहितोय. शेवटी पाकीट हातात आलं ते जाडसर. मी सही केली, पण बोटांनी दाबून बघितलं. आत एकाहून जास्त कागद होते. मला लगेच कळलं. लेकानं दोन मतं घातलीत. एकात हा खेळाडू चालेल, दुसऱ्यात चालणार नाही. मे महिन्यात जे जुळेल ते काढणार. हा प्रकार मी कंत्राटदारांकडून शंभरदा बघितलाय, मला शिकवतो काय!

पोरीला मी फोनवर हे सांगितलं तर ती हसली. “अंकल, आप तो हर किसी पे शक करते हो,” म्हणाली. मी म्हटलं, शक करण्याचाच मला पगार मिळतो.

त्यानंतर एकेक गोष्ट त्यात भरच घालत गेली. दोन रविवार तो आला नाही, ड्यूटी आहे म्हणाला. बाहेरगावी आहे असं त्यानं कळवलेल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कामाला पंचकुल्याला गेलो होतो, तर भर सकाळी सिग्नलला त्याची गाडी माझ्या पुढं उभी. तोच चालवत होता, शेजारी त्याची बायको. मी हॉर्न दिला नाही. मागं मागं राहिलो. तो खोटं बोलला याचा मला राग आला होताच, पण त्याहून मोठी शंका अशी की यानं दुसरा ग्रुप धरलाय. विमानतळाजवळच्या एअरोसिटी वसाहतीत काही मराठी ऑफिसर मोठ्या पडद्यावर सामने बघतात असं कानावर होतं. तिथं बसत असणार, आमच्या पोह्यांचा कंटाळा आला असणार. बायको म्हणाली, अहो, विचारून टाका की सरळ. सरळ विचारायचं असतं तर मग काय.

इकडं तो बचावपटू ऑक्टोबरातच गुडघा धरून बाकावर बसला. मी दर शनिवारी ग्रुपवर त्याची खबर घ्यायचो. आज उठला का? आज काठी घेतली का? सांगलीकर वाचायचा, दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. रविवारी समोर आला की मात्र हसायचा, अगदी मनापासून हसायचा, आणि म्हणायचा, अजून शिव्या दे. मला वाटायचं, हा मला घुमवतोय.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी बायको हळदीकुंकवाला एअरोसिटीत गेली होती. बाहेर धुकं, ऊन नाही, घरात मी एकटा. कपाटातून दुसराच काही कागद काढायला गेलो आणि पाकिटं हाताला लागली. त्याचं पाकीट मी ट्यूबलाइटसमोर धरलं. दोन कागद, स्पष्ट. म्हटलं, चोर सापडला. टेप गरम केली की न फाटता सुटते हे मला एका कंत्राटदारानंच कबूल केलं होतं. मी बायकोचा हेअर ड्रायर आणला. मी अगदी सराईतासारखं ते पाकीट उघडलं.

पहिल्या कागदावर त्याच्या नेहमीच्या तीन ओळी होत्या. बचावपटू. गुडघा गेलेला आहे, डिसेंबरपर्यंत बाकावर. कोल्हापूरकर म्हणतो तेच बरोबर.

दुसरा कागद माझ्या नावानं होता. मला तो अजून पाठ आहे.

“हे मे महिन्यात वाचशील. तेव्हा एकतर मी पुन्हा उडत असेन, नाहीतर कायमचा खुर्चीत बसलेला असेन. ऑगस्टच्या मेडिकलमध्ये माझ्या हृदयाच्या ठोक्यांत गडबड निघाली. सहा महिने उड्डाण बंद, मग पुन्हा मेडिकल बोर्डापुढं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे माझ्याशी जपून बोलतात, जिन्यात कोपराला हात लावतात. तू मेडिकलमध्ये नापास झालेल्यांना शिव्या घालतोस तेव्हा मला बरं वाटतं, कारण तुझ्यासमोर मी अजून पास आहे. सहा महिने मला तसाच राहू दे. आत्ता सांगितलं नाही म्हणून मे मध्ये पाहिजे तेवढं भांड.”

पंचकुल्याकडच्या रस्त्यावर तो बायकोला घेऊन तिकडच्या लष्करी हॉस्पिटलात तपासणीला निघाला होता, आणि मी मागं गाडी लावून त्याच्यावर पाळत ठेवत होतो. मला माझीच किळस आली. कागद होते तसे घडी घालून आत ठेवले, टेप दाबून बसवली, पाकीट कपाटात टाकलं. बायको तिळगूळ आणि वाणाचा डबा घेऊन आली, तिलाही काही बोललो नाही.

आता मी एकच करायचं होतं. काही कळलंच नाही असं वागायचं, पूर्वीसारख्या शिव्या घालत राहायचं. माणसानं एवढंच मागितलं होतं. आणि तेच मला जमेना. त्या रविवारी तो यायच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून खाली गेलो आणि तीन मजले त्याच्याबरोबर हळूहळू चढलो. बायकोला पोह्यात तेल कमी टाक म्हणून सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, आज तेल संपलंय का? वाद घालायला बसलो तर त्याचं प्रत्येक मत मला पटत होतं. थंडी आहे, मफलर घालत जा, असा मेसेज मी त्याला केला. सहा वर्षांत मी त्याला असा मेसेज केला नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला हिवाळी विंडोचा शेवटचा दिवस आला. निळ्या क्लबनं तो बचावपटू संध्याकाळी तुर्कस्तानातल्या कुठल्याशा क्लबला उसना देऊन टाकला. पाच महिने जो माणूस माझं खाद्य होता त्याला घालवला. पोरीनं लगेच ग्रुपवर लिहिलं की आता अंकल बॉम्ब टाकणार. खरं तर एक शिवी लिहायची होती, एकच. मी लिहिलं, वाईट वाटलं, दुखापतीत माणसाचा काय दोष, बरा होऊन येईल परत. पोरगी म्हणाली, अंकल का फोन किसने चुरा लिया? सांगलीकरनं पंधरा मिनिटांनी लिहिलं, रविवारी येतो.

रविवारी तो एकटाच जिना चढून आला, मी खाली जायच्या आधीच. पोरगी आत बायकोला चहाला मदत करत होती. हिवाळी खरेदीची नवी पाकिटं मी टेबलावर मांडून ठेवली होती. त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“माझं सप्टेंबरचं आण,” म्हणाला.

मी म्हटलं, ते मे मध्ये उघडायचं. तो म्हणाला, उघडायचं नाही, बघायचंय. मी आणून दिलं. पाकीट घेऊन तो बाल्कनीत उजेडात गेला, मी मागोमाग. तोंडावरच्या आडव्या सहीची रेघ एका ठिकाणी केसभर सरकली होती. टेपच्या कडेला धुळीची बारीक रेषा बसली होती. कंत्राटदारांच्या पाकिटांवर मी हेच शोधत आलोय. त्यानं ते माझ्यापेक्षा कमी वेळात शोधलं.

“कधी?”

“संक्रांतीनंतर,” मी म्हटलं. “मला वाटलं तू दोन मतं घातलीस.”

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याची तयारीही ठेवली होती, पाय धरायचीसुद्धा. तो खालच्या पार्किंगकडे बघत अगदी साध्या आवाजात बोलला.

“तू शिव्या घालत होतास तोवर एक घर तरी होतं, जिथं मी आजारी नव्हतो.”

पाकीट त्यानं माझ्या हातात परत दिलं. आत येऊन पोहे संपवले, चहा प्याला, पोरीच्या क्लबची थोडी चेष्टा केली. नवं पाकीट मात्र लिहिलं नाही, घाई आहे म्हणाला. निघताना माझ्या बायकोला म्हणाला, वहिनी, पोहे छान झालेत. मी दारात उभा होतो, मला काही म्हणाला नाही.

त्यानंतर तो आला नाही. ग्रुपवर होता, अंगठा पाठवायचा, सणाला शुभेच्छा द्यायचा. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तो नीट बोलला, इतकं नीट की मी तिसऱ्यांदा केला नाही. बोर्ड कधी आहे हे विचारायचं धाडस होईना. कॅलेंडरवर ऑगस्टपासून महिने मोजत बसायचो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, मी त्यांच्या बायकोला विचारते. मी नको म्हटलं. एकदा त्याचं गुपित मी असंच मागच्या दारानं काढलं होतं.

एरवी मी प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायचो, आता फक्त एकाच गोष्टीवर घेत होतो. रोज वाटायचं, वाईटच झालं असणार, म्हणून गप्प आहे. मार्च गेला, एप्रिल गेला. ऑफिसच्या गच्चीवरून विमान जाताना दिसलं तरी मी मान वर करत नव्हतो.

मे महिन्यात हंगाम संपला. रविवारी पोरगी आली, एकटीच. तिचं पाकीट उघडलं, माझं उघडलं. माझा न हसणारा स्ट्रायकर भरपूर गोल मारून बसला होता, म्हणजे जेवण माझ्याकडे लागलं. तिसरं पाकीट टेबलावर पडून होतं. तिनं त्याला हात घातला तर मी म्हटलं राहू दे, तो आला की उघडू.

ती पोह्यांवर लिंबू पिळत होती. “सर अब कहाँ आएँगे, अंकल,” म्हणाली, “मार्च से फिर उड़ रहे हैं, टाइम ही नहीं मिलता. उस दिन मेस में पार्टी दी थी ना, सबको बताया हार्ट वाला पूरा क़िस्सा. मैंने आपका पूछा तो बोले, आप टूर पर हो.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“हो,” मी म्हणालो, “दिल्लीला होतो.”